शांत खोलीतले उंदीर

मार्गशीर्षात घोडेगावच्या गिरण्या दिवसभर चालू असतात. नवं भात येतं, तांदूळ सुटा होतो आणि गिरणीच्या मागच्या अंगाला तुसाचे ढीग पडतात. भाताचं तूस म्हणजे दाण्यावरचं साल. ओंजळीत घेतलं तर वजन लागत नाही, मुठीत दाबलं तर टोचतं, आणि वास येतो तो कोरडा, गोडसर, उन्हात तापलेल्या खळ्यासारखा. आज सकाळी दगडूभाऊंनी असलं एक पोतं लुनावरून आणलं आणि ओट्याला टेकवून ठेवलं.

"कोंबडीखाली टाक, हिराबाय. पिल्लं गारठत्याल." एवढं बोलून चहा घेतला आणि गेले.

मी पोत्याची सुतळी सोडली. पिल्लांची आठवण मागाहून झाली. आधी आठवले ते पांढरे उंदीर.

तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. आता ती कॉलेजला जाते आणि तिच्या जुन्या वह्यांची कोरी पानं माझ्या वाट्याला येतात, हे असलं लिहायला. नारायणगावच्या पुढे हायवेला लागून औषधशास्त्राचं एक कॉलेज होतं. त्याच्या पाठीमागे, पाण्याच्या टाकीजवळ, तीन खोल्यांची एक बैठी इमारत. तिला चांगलं इंग्रजी नाव होतं, पण शिपायांपासून सरांपर्यंत सगळे उंदीरखानाच म्हणत. तिथे पिंजरे धुवायला, पाण्याच्या बाटल्या भरायला आणि रजिस्टर लिहायला एक बाई हवी होती. आकडे वाचता-लिहिता आले म्हणजे झालं. मला येत होते.

सासूबाईंना ती नोकरी कधी पटली नाही. "घरात उंदीर दिसला की सापळा लावायचा, आन् तकडं सापळ्यातल्याला जेवू घालायचं. नखं बी कापत आसशील त्येंची." हापशावर बाया हंडे सरकवत म्हणायच्या, "सरा गं, उंदरांची मावशी आली." मी हसायचे आणि हंडा भरून निघायचे. उत्तर मला सुचायचं, पण घरी पोचल्यावर.

बोलणं मला मुळात जमायचंच नाही. पिंपळवंडीहून जीपने जायचे तर कॉलेजच्या फाट्यावर "थांबवा" म्हणायचं माझ्या जिवावर यायचं. दुसरं कुणी उतरणारं असलं तर ठीक, नाहीतर जीप पुढच्या थांब्यापर्यंत जायची आणि मी तिथून पाठीमागे चालत यायचे. रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या बागा होत्या. सकाळी त्यांच्यावर धुकं इतकं खाली बसलेलं असायचं की बागेत काम करणाऱ्या माणसांची नुसती डोकी दिसायची. तेवढं चालणं मला आवडायचं. त्या वाटेवर माझ्याकडून कुणाला काही ऐकायचं नसायचं.

मेधा मॅडम त्या वर्षी श्रावणात आल्या. पंचविशीच्या असतील. पुण्याकडच्या होत्या, मोठ्या परीक्षेसाठी उंदरांवर अभ्यास करायला आल्या होत्या. त्यांना बघायचं होतं की रोज गाणं ऐकवलं तर उंदरांची भीती कमी होते का, आणि भीती कमी झाली तर त्यांची बुद्धी जास्त चालते का. पहिल्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्यासोबत तिथेच कामाला असलेल्या दगडूभाऊंना समोर बसवून हे सगळं मराठीत सांगितलं. दगडूभाऊंनी विचारलं, "गानं कुठलं लावनार, म्याडम? तमाशातलं आसंल तर मी बी हुशार व्हईन." मॅडम हसल्या. बासरीची कॅसेट होती, शब्द नसलेली.

एका खोलीत सकाळी नऊ ते अकरा बासरी लागायची. दुसरी खोली शांत. तिथे बोलायचं नाही, रेडिओ नाही, भांड्यांचा आवाज नाही. दारावर पाटी होती: शांतता राखा. मधल्या खोलीत तुसाची पोती छतापर्यंत रचली, कारण तूस आवाज गिळतं. हे दगडूभाऊंनीच सुचवलं होतं आणि मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं होतं. दोन्ही खोल्यांतले उंदीर एकाच वयाचे, खाणं एकच, पाणी एकच, पिंजऱ्यात खाली तूस एकच. फरक फक्त बासरीचा.

मग शांत खोलीत काम कोण करणार, हा प्रश्न आला. कॉलेजचे मोठे सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "दगडूचं तोंड चोवीस तास चालू. त्याला गाण्याच्या खोलीत ठेवा. शांत खोली या बाईंना द्या. दोन वर्षं झाली, मी यांचा आवाज ऐकलेला नाही." सगळे हसले. मीही हसले. माझ्या न बोलण्याचा कुणाला उपयोग होतोय, असं पहिल्यांदाच होत होतं. दुसऱ्या सकाळी मी जीपमधून पुढच्या थांब्याला उतरले तरी मला वाईट वाटलं नाही.

उंदीर म्हटलं की माणसं नाक मुरडतात, पण ते पांढरे उंदीर फार स्वच्छ. अंघोळ केल्यासारखे अंग चाटत बसायचे. डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. ओळखायला त्यांच्या अंगावर पिवळा रंग लावलेला असायचा, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. मॅडमकडे त्यांचे नंबर होते. माझ्याकडे डोईपिवळा, पाठपिवळा, शेपटीपिवळा. पिंजऱ्याचं झाकण उघडलं की शेपटीपिवळा मागच्या पायांवर उभा राहायचा आणि माझं बोट हुंगायचा. जुनं तूस काढायचं, पिंजरा पुसायचा, नवं पसरायचं. नवं तूस पडलं की ते त्यात बोगदे करायचे आणि खोलीभर खसखस आवाज चालू व्हायचा, हलक्या पावलांनी कुणी वाळल्या पाचोळ्यातून चालावं तसा.

महिन्यातून एकदा परीक्षा. एक मोठी उघडी पेटी होती. तिच्यात उंदीर सोडला की भित्रा असला तर भिंतीला चिकटून बसतो आणि लेंड्या टाकतो. त्या लेंड्या मोजायच्या. धीट असला तर मध्यापर्यंत येतो. दुसरी परीक्षा लाकडी फळ्यांच्या भुलभुलैयाची. शेवटाला शेंगदाणा ठेवलेला. तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मॅडम घड्याळ दाबून बघायच्या. दगडूभाऊ लांबून बघत म्हणायचे, "आमच्या शाळंत शेंगदाना ठिवला आस्ता तर मी सातवी पास व्हतो."

रजिस्टर माझ्याकडे होतं. नंबर, वजन, पाणी, खाणं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्यात मी रोज एकच शब्द लिहायचे: ठीक.

सगळं ठीकच होतं, आणि तीच अडचण होती. दिवाळीपर्यंत तीन परीक्षा झाल्या. बासरी ऐकणारे उंदीर धीट झाले होते, भुलभुलैया पटापट सोडवत होते. मॅडमना तेच हवं होतं. पण शांत खोलीतले माझे उंदीरही तितकेच धीट, तितकेच हुशार. मॅडम माझ्या खोलीत येऊन भिंतीला कान लावायच्या. बाहेरून हायवेचा आवाज येतो का, टाकीत पाणी पडल्याचा येतो का. काही यायचं नाही. सर म्हणाले, "मग संगीताने काही होत नाही, असं लिहा आणि मोकळ्या व्हा." त्या दिवशी मॅडमनी डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. मी माझ्यातली भाकरी आणि मेथीची भाजी पुढे केली. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, माझं काहीतरी चुकतंय. पण काय ते दिसत नाही." मला काय दिसणार? मी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले.

मार्गशीर्षात मी भात झोडणीला माहेरी गेले. डिंभ्याच्या धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाला माझं माहेर. आठ दिवसांची रजा. शांत खोलीचं काम तेवढ्यापुरतं दगडूभाऊंकडे.

खळ्यावर भाताच्या पेंढ्यांची उडवी रचली होती. भाऊ आणि वहिनी पेंढ्या झोडत होते. फळीवर पेंढी आपटली की दाणे उडायचे आणि उन्हात क्षणभर चमकायचे. मी सुपाने वाऱ्यावर भात देत होते. अंगभर भाताची कूस चिकटली होती, मान खाजत होती, आणि इतकं बरं वाटत होतं की मला त्याची लाज वाटली. संध्याकाळी आई गाय दोहायला बसली. गुडघ्यात भांडं, डोकं गाईच्या कुशीला, आणि तिच्या नाकातून तो सूर. आमच्या घरात मुक्याने कुणी गाईला हात लावत नाही. शब्द नसतात त्याला, चालही धड नसते, नुसतं ऊं-ऊं करत खाली-वर जाणं. वडील बैल जुंपतानाही तसेच गुणगुणायचे. लहानपणी मला पहिल्यांदा वासरू धरायला दिलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्याला कळू दे कोन हाय ते. मुक्या हाताला जनावर भितं." एखादा दिवस आई रागात असली आणि गप्प बसून दोहायला लागली, तर गाय पान्हा चोरायची. मग आईला राग गिळून गुणगुणावं लागायचं. वडील म्हणायचे, "गाईमुळं भांडन मिटतं बघ आमचं."

हे मी तिथे बसून पाहिलं, ऐकलं, आणि तरी मला काही उमगलं नाही. रोजचं असतं ते ऐकू येत नाही.

परत आले तर उंदीरखान्याच्या पायरीवर दगडूभाऊ बसलेले. बोटाला चिंधी बांधलेली. मला बघून उठले नाहीत, काही चेष्टा केली नाही. तेव्हाच मला धसका बसला.

"मेमो दिलाय मला," ते म्हणाले. "म्हनत्यात, तू जनावरं छळली."

झालं असं होतं. मी गेल्यावर चार दिवसांत शांत खोलीतले उंदीर बिथरले. खाईनात. कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसायला लागले. एकाने दगडूभाऊंचं बोट फोडलं. त्याच आठवड्यात परीक्षा होती. उघड्या पेटीत लेंड्याच लेंड्या, आणि भुलभुलैयात निम्मे उंदीर पहिल्याच वळणावर बसून राहिले. मॅडमना वाटलं, पिंजरे आपटले असणार, नाहीतर पाणी विसरलं असणार. त्यांनी सरांना सांगितलं आणि सरांनी लेखी खुलासा मागितला.

"आठ दिवस, हिराबाय. आठ दिवस मी तोंडाला गाठ मारली. पाटीवर लिवलंय बोलू नका, न्हाई बोललो. शिंक आली तर भायेर पळालो. चपला भायेर काढल्या. पोट फुगायची येळ आली माझी. पानी येळंवर, खानं येळंवर. आन् आता आईशप्पत घिऊन सांगतो तर म्हनत्यात, मग काय भूत आलं व्हतं?"

नऊ वर्षं ते हंगामी होते. त्यांची कायम करण्याची फाइल त्याच महिन्यात वर जायची होती. फाइलमध्ये जनावरं छळल्याचा मेमो लागला की पुढे काय होणार, हे त्यांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. जन्मभर बडबड करणारा माणूस आठ दिवस नियम पाळून गप्प बसला, आणि त्याचीच त्याला शिक्षा होत होती.

मी आत गेले. नऊ वाजायचे होते, बासरी अजून लागली नव्हती. पहिला पिंजरा उघडला. शेपटीपिवळा कोपऱ्यात पाठ करून बसलेला, अंगावरचे केस फुलवून. मी हात आत ठेवला आणि थांबले. थोड्या वेळाने त्याने मान वळवली. मग एक पाऊल. मग बोट हुंगलं. आणि त्याच वेळी माझ्या कानावर एक सूर आला. बारीक, नाकातला, खाली-वर होणारा. मला वाटलं कॅसेट लागली. मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि सूर थांबला. पुन्हा पिंजऱ्याकडे वळले, तर पुन्हा सुरू. तो माझ्या गळ्यातून येत होता.

मी दारावरच्या पाटीकडे पाहिलं. आतल्या बाजूने तिची अक्षरं दिसत नव्हती, नुसता कोरा पुठ्ठा. श्रावणापासून मी त्या पाटीच्या आत रोज दोन-दोन तास गुणगुणत होते. रजेचे आठ दिवस सोडले तर एक दिवस खाडा नाही. मॅडम आत यायच्या तेव्हा मी पिंजऱ्यापासून लांब भिंतीला उभी राहायचे, म्हणून त्यांच्या कानावर कधी पडलं नाही. आणि माझ्याही.

तरी मनाला वाटलं, नसेल तसं. भास असेल. उंदरांना दुसरं काही झालं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पदराचं टोक दातांत घट्ट धरलं आणि काम केलं. फार अवघड गेलं. हात चुकल्यासारखे झाले, बाटली निसटली. झाकण उघडल्यावर हाताशी कोण-कोण येतं ते बघितलं. निम्मे आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही पदर दातांत. आदल्या दिवशी आलेलेही कोपऱ्यात. चौथ्या दिवशी पदर सोडला. पिंजरा, हात, सूर. दोन दिवसांत सगळे पुन्हा हाताशी आले, शेपटीपिवळा सगळ्यांत आधी. मॅडमसारखं मी काही मोजमाप केलं नव्हतं, पण आता भास म्हणायला जागा उरली नव्हती.

ते पाच दिवस मला जेवण गेलं नाही. सांगावं तर मॅडमचे चार महिने माझ्यामुळे मातीत. सांगावं तर माझी नोकरी जाणार, आणि ती नोकरी म्हणजे माझं एकटीने कुठेतरी जाणं, धुक्यातली ती वाट, कुणाला तरी उपयोगी पडणं. न सांगावं तर दगडूभाऊ. मी दोनदा मॅडमच्या टेबलापर्यंत गेले. त्यांनी "काय मावशी?" म्हटलं की मी "तूस संपत आलंय" म्हणून परत यायचे. तुसाची पोती तर छतापर्यंत होती.

शुक्रवारी खुलासा द्यायचा होता. गुरुवारी सकाळी मी वजनं लिहिली, पाणी लिहिलं, खाणं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यापाशी आले. हात आपोआप ठ लिहायला गेला. मी पेन उचलला. मग लिहिलं: दगडूभाऊंनी नियम पाळला. मी नाही पाळला. पिंजरा उघडला की मी गुणगुणते. मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

रकाना अरुंद होता. अक्षरं खाण्याच्या रकान्यात घुसली, मग पाण्याच्या. शाळा सुटल्यापासून मी नावं आणि आकडे सोडून पहिल्यांदा काही लिहिलं होतं. रजिस्टर मॅडमच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि टाकीमागे जाऊन उभी राहिले.

मॅडम धावतच आल्या. हातात रजिस्टर. त्यांनी माझा दंड धरला आणि सरांच्या खोलीत नेलं. दगडूभाऊंनाही बोलावलं. सरांनी शेरा वाचला, चष्मा वर केला, परत वाचला.

"गुणगुणता? तुम्ही?"

मी मान हलवली.

"म्हणजे काय करता? म्हणून दाखवा बघू."

तोंड उघडलं तर आत वाळू भरलेली. सर वाट बघत होते, मॅडम वाट बघत होत्या. सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं दिसायला लागलं की ही बाई दगडूला वाचवायला काहीतरी रचतेय. ते मला कळत होतं आणि आवाज फुटत नव्हता.

दारातून दगडूभाऊ म्हणाले, "साहेब, माफी आसावी. मोकळ्या हातानं कसं येनार तिला? आमची म्हातारी बी म्हशीबिगर गात न्हवती. उंदीर द्या तिच्या हातात."

सर म्हणाले, "काय वेडेपणा आहे." पण मॅडम गेल्या आणि पिंजरा घेऊन आल्या. सरांच्या टेबलावर, कागदांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवला. मी झाकण उघडलं. नव्या जागेमुळे उंदीर थरथरत होता, पाठपिवळा होता तो. मी त्याला तळव्यावर घेतलं. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, इतकं जलद की मोजता येऊ नये. मला त्याची दया आली आणि सर, टेबल, मेमो सगळं बाजूला गेलं. किती वेळ गेला माहीत नाही. पाठपिवळा हळूहळू पसरला, पंजे ढिले झाले, मिशा हलायच्या थांबल्या. मग मला खोलीतली शांतता ऐकू आली, आणि तिच्यात माझाच सूर.

मॅडमनी तोंडावर हात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. हात काढला तर हसत होत्या, पण डोळे ओले होते. "चार महिने मी भिंतीला कान लावत होते, मावशी."

सरांनी खणातून मेमोचा कागद काढला, दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला. दगडूभाऊंना म्हणाले, "तू खरंच आठ दिवस गप्प बसलास?"

"साहेब, घरी बायकू इचारत व्हती, आजारी हाय का म्हनून."

त्या दिवशी फाट्यावरून परतताना जीपमध्ये बसले आणि पिंपळवंडीला मी स्वतः म्हणाले, "थांबवा." ड्रायव्हरने लगेच थांबवली. इतकं सोपं होतं ते.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. मॅडम पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चार महिने जाणं ही लहान गोष्ट नव्हती आणि त्यांचा राग खरा होता. तिसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. "पुन्हा करायचं," म्हणाल्या. "आता तीन खोल्या. एक बासरीची, एक शांत, आणि एक तुमची." मधली खोली रिकामी केली, तुसाची पोती दोन्ही भिंतींना सारखी लावली. खऱ्या शांत खोलीत नेमणूक झाली दगडूभाऊंची, कारण कॉलेजात दुसऱ्या कुणाची मुकं राहण्याची परीक्षा झालेली नव्हती. त्यांनी कपाळाला हात लावला. दुपारी बाहेर आले की सकाळचं साठलेलं सगळं एकदम बोलायचे.

माझा सूर कॅसेटवर भरायचा ठरला, म्हणजे रोज सारखाच वाजेल. मशीन पुढे ठेवलं की माझा गळा बंद. शेवटी शेपटीपिवळ्याला मांडीवर घेतलं तेव्हा जमलं. त्या कॅसेटवर माझ्या आवाजामागे तुसाची खसखस आहे. मॅडमनी एक प्रत मला दिली होती, ती ट्रंकेत आहे.

एक गोष्ट लिहायची टाळणार नाही. असल्या अभ्यासाच्या शेवटी उंदरांना मारून त्यांच्या शरीरातल्या ग्रंथी तोलतात. मला ते पहिल्यापासून माहीत होतं आणि मी त्याचा विचार करत नसे. पहिल्या खेपेचा अभ्यासच फुकट गेला, म्हणून त्यांच्या ग्रंथी तोलायचं कारण उरलं नाही. ते पैदाशीला ठेवले. शेपटीपिवळा म्हातारा होऊन तुसाच्या बोगद्यात झोपेत गेला. दुसऱ्या खेपेचे मात्र गेले. त्यांना शेवटच्या सकाळपर्यंत मी गुणगुणले. बरं केलं की नाही ते मला सांगता येत नाही. भिऊन तरी नाही गेले.

मॅडमचा अभ्यास उन्हाळ्यात पुरा झाला. काय निघालं ते मला सगळं कळलं नाही. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "फार मोठं काही सिद्ध झालं नाही, मावशी. पण आता कुणी मला शांत खोली म्हणून सांगितलं की मी आधी विचारते, तिथे काम कोण करतं?" त्याच उन्हाळ्यात दगडूभाऊ कायम झाले. ऑर्डर वाचून दाखवायला घरी आले होते. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमी बी उंदरांनाच गानी म्हनता का?"

"न्हाई मावशी," ते म्हणाले, "मी गप बसायचा पगार घेतो."

आता तेही रिटायर झाले, मीही ते काम सोडलं. पण मार्गशीर्षात नवं तूस आलं की एक पोतं माझ्या ओट्यावर येतं. का आणता, असं मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

दुपारी खुराड्यात तूस पसरलं. पिल्लं कालच निघालेली, मुठीत मावतील एवढी. हात आत गेला तशी सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली. पलीकडे मुलगी अभ्यास करत होती, तिची परीक्षा तोंडावर आहे. तिला आवाज नको, म्हणून मी पदराचं टोक उचललं आणि दातांपर्यंत नेलं.

आतून ती म्हणाली, "आई, का थांबलीस?"

मी पदर सोडून दिला.